राजाराणीच्या गोष्टीनंतर काय? कृष्णाकाठच्या साहित्यातलं मोठं होणं

लहानपणीच्या गोष्टीत राजकुमाराला राजकन्या मिळते, गरिबाच्या अंगणात मोहरांचा हंडा सापडतो, दुष्टाचं वाटोळं होतं आणि गोष्ट संपते. मोठं साहित्य बहुतेक वेळा त्याच्या पुढे सुरू होतं. लग्नानंतर राजकन्येचं काय झालं, राज्य मिळाल्यावर राजकुमार कसा वागला, आणि जिच्या दारात राजकुमार आलाच नाही तिने दिवस कसे काढले, हे प्रश्न नाटककार आणि कादंबरीकार विचारतात.

मराठीत हे प्रश्न ज्या मुलखातून फार जोमाने विचारले गेले, तो मुलूख म्हणजे आजचे सातारा आणि सांगली जिल्हे. प्रशासनाच्या दृष्टीनेही हे दोन जिल्हे जुने सोबती. १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा तयार झाला, आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. इथल्या लेखकांनी परिकथेतल्या आदर्शांची टिंगल केली नाही. त्यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: पाहिलेल्या स्वप्नाची किंमत कोण मोजतं? हा प्रश्न विचारता येऊ लागला की माणूस मोठा होऊ लागतो, हेच त्यांचं सांगणं आहे असं मला वाटतं.

परिकथेतला आदर्श कशाचा बनलेला असतो?

अशा गोष्टींची काही ठरलेली लक्षणं असतात. चांगली माणसं देखणी असतात. सोसणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळतं. लग्न किंवा राज्याभिषेक झाला की काळ थांबतो, पुढे कुणी म्हातारं होत नाही. संकटातून सोडवणारा बाहेरून येतो: कधी राजपुत्र, कधी देव, कधी परीस.

लहान मुलाला या आदर्शांची गरज असते. जगात अन्याय आहे हे कळण्याआधी न्याय शक्य आहे यावर विश्वास बसावा लागतो. तो विश्वास आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीतून येतो.

शिवाय आपल्या जुन्या कहाण्या आपण समजतो तितक्या भोळ्या नाहीत. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा, असं राजाच्या मनात येतं. तो गावातलं सगळं दूध देवळात आणायला लावतो. मुलं उपाशी राहतात, वासरं उपाशी राहतात, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरातल्या पोराबाळांना दूध देते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध देवाला वाहते. गाभारा भरून जातो. राजाची भक्ती खोटी नव्हती. पण तिची किंमत त्याने दुसऱ्यांच्या लेकरांकडून वसूल केली होती. पुढे नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी जी कसोटी लावली, तिचं बीज या घरगुती कहाणीत आहे.

असं लोकधन जपण्याचं मोठं काम याच भागातल्या दोन स्त्रियांनी केलं. वाळवा तालुक्यातल्या बागणीत १९२०मध्ये जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रभरातल्या ओव्या, गाणी आणि कहाण्या जमवून प्रसिद्ध केल्या. सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर यांनी बायकांच्या गाण्यांतला विचार उलगडून दाखवला. २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचं स्वयंवर येतं, तसा तिचा वनवासही येतो, आणि बायकांचा जीव वनवासात अधिक गुंततो. लग्नाच्या मांडवात गोष्ट संपत नाही, हे दळणाऱ्या बाईला कादंबरी लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

जगातल्या कादंबरीने हे कसं हाताळलं?

पुस्तकी स्वप्नं आणि जगणं यांची गाठ पडणं हा युरोपीय कादंबरीचा जन्मापासूनचा विषय आहे. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५मध्ये आला. शूर सरदारांच्या गोष्टी वाचून वाचून त्यातला नायक स्वतःला सरदार समजू लागतो. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’मधली (१८५७) एमा प्रेमकथांवर वाढते आणि संसारात त्याच कथा शोधत राहते. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६१) पिपला वाटतं की एका श्रीमंत बाईच्या कृपेने आपण सभ्य गृहस्थ होत आहोत. प्रत्यक्षात तो पैसा एका हद्दपार कैद्याच्या कष्टाचा असतो. आपल्या सुखामागे कुणाचे हात राबले हे कळतं, तिथे पिप मोठा होतो.

मराठी कादंबरीही याच वाटेने आली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८मध्ये आली. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत सद्गुणी नायक-नायिकांची ताटातूट होते आणि शेवट गोड होतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तेव्हा यमूच्या रूपाने मराठी वाचकाला पहिल्यांदा एक मुलगी खरोखर वाढताना दिसली, आणि त्या वाढीत तिला काय काय सोसावं लागतं तेही दिसलं.

सांगली, १८४३: स्वयंवराचं स्वप्न रंगमंचावर

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले, आणि तसे खेळ मराठीत करावेत अशी इच्छा विष्णुदास भावे यांच्याजवळ व्यक्त केली. त्यातून ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत त्याचा प्रयोग झाला. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, आणि सांगलीत त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं.

मराठी रंगभूमीचा आरंभ ज्या कथेने झाला, ती आदर्शांची पुरती मांडणी आहे. अवघड पण, तो जिंकणारा देखणा राजपुत्र, आणि वरमाला घेऊन उभी असलेली राजकन्या. धनुष्य उचलण्याचं सामर्थ्य हीच वराची पात्रता. प्रेक्षकांना हे सगळं पाठ होतं, तरी डोळ्यांपुढे घडताना पाहण्याचा आनंद नवा होता. सूत्रधार गाऊन कथा पुढे नेई, पात्रं आयत्या वेळी संवाद बोलत, आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. या खेळांनी लोकांना नाटक बघायची सवय लावली. त्याच प्रेक्षकांपुढे पुढे स्वयंवराची दुसरी बाजू मांडता आली.

हरिपूरचे देवल आणि शारदेचं लग्न

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म तिथे १८५५मध्ये झाला. त्यांचं ‘संगीत शारदा’ १८९९मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं. ‘सीता स्वयंवर’ आणि ‘शारदा’ यांच्यात छप्पन्न वर्षांचं अंतर आहे, आणि तेवढ्या काळात मराठी रंगभूमी राजवाड्यातून मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आली होती.

‘शारदा’त परिकथेतली सगळी सामग्री आहे, पण प्रत्येक गोष्ट उलटी फिरली आहे. धनाढ्य वर आहे, पण तो पंचाहत्तरीला टेकलेला भुजंगनाथ. लग्न जुळवणारा आहे, पण तो दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित. वडील आहेत, पण कांचनभट मुलीच्या बदल्यात पैसे मोजून घेतात. नवरीच्या अंगावर दागिने चढणार आहेत, आणि ते तिची किंमत म्हणून चढणार आहेत. पुन्हा तरुण होऊन बोहल्यावर चढायचं हे भुजंगनाथाचं स्वप्न आहे, आणि त्यासाठी एका अजाण मुलीचं उभं आयुष्य खर्ची पडणार आहे.

कोदंड हा सुधारक तरुण वर-वधू सगोत्र असल्याचं उघड करतो आणि ऐन मांडवात लग्न थांबवतो. परिकथेत सुटकेनंतर सगळं आनंदीआनंद असतं. देवलांनी इथे प्रेक्षकाला थांबवून विचार करायला लावलं आहे. अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला आता कोण पत्करणार, या धास्तीने शारदा जीव द्यायला निघते. तिला वाचवल्यावरही तिच्या लग्नासाठी शंकराचार्यांची मान्यता लागते. एका वाईट माणसाला हरवून भागत नाही, रूढीशीही झगडावं लागतं, हे नाटककाराने मनोरंजनाला धक्का न लावता सांगितलं. म्हणून ‘शारदा’ गाण्यांसाठी जितकं टिकलं, तितकंच विचारासाठीही टिकलं.

हा प्रश्न त्या काळी कायद्याच्या दारातही उभा होता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं, आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. १९२९मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी प्रेक्षकाचं मन मात्र त्याआधी तीस वर्षं शारदेच्या बाजूला वळू लागलं होतं.

औंध संस्थान आणि माडगूळकरांचं घर

सातारा जिल्ह्यातलं औंध ही पंतप्रतिनिधींची राजधानी होती. सांगली जिल्ह्यातलं आजचं आटपाडी त्याच संस्थानात मोडत असे. भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार राजे होते, आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. १९३९च्या सुमारास त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती सोपवणारी घटना अमलात आणली. राजानेच आपलं राज्य लोकांना द्यावं, ही एखाद्या गोष्टीत शोभावी अशी घटना या माणदेशात खरोखर घडली.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा त्यात पुढाकार होता. भिंती नसलेल्या या तुरुंगावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये तो चित्रपट केला. गुन्हेगारांवर विश्वास टाकणारा त्यातला जेलर आपल्या स्वप्नाची किंमत स्वतःच्या प्राणांनी मोजतो.

गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर हे सख्खे भाऊ. थोरला १९१९मध्ये शेटफळ्यात जन्मला, धाकटा १९२७मध्ये माडगुळ्यात. १९५५ हे वर्ष या घराच्या दृष्टीने विलक्षण आहे. १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर थोरल्या भावाचं ‘गीतरामायण’ सुरू झालं, सुधीर फडक्यांच्या संगीतात छप्पन्न गीतांनी त्याने महाराष्ट्राला आदर्श राजाची कथा ऐकवली. त्याच वर्षी धाकट्या भावाची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली. एकाने आदर्श गायला आणि दुसऱ्याने तो आदर्श माळरानावर नेऊन पाहिला. मराठी मनाला दोन्हींची गरज होती, म्हणून दोन्ही कृती अजून जिवंत आहेत.

बनगरवाडीचा मास्तर

राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर धनगरांच्या एका लहानशा वाडीवर येतो. शाळा नावाला आहे, मुलं मेंढरांमागे आहेत. बाहेरून येऊन गावाचा उद्धार करणारा तरुण, हा त्या काळच्या ध्येयवादी कथांचा आवडता साचा होता. माडगूळकरांनी तो साचा घेतला आणि त्यात खरी माणसं भरली.

मास्तर गावाला शिकवायला येतो, पण अर्धी कादंबरी गावच त्याला शिकवतं. कारभाऱ्याचा विश्वास कसा मिळवावा, रामोशाच्या अब्रूला कसं जपावं, कारभाऱ्याच्या अंजीसाठी चोळी आणून देण्यासारख्या साध्या गोष्टीनेही गावात मनं कशी दुखावतात, हे तो एकेक अनुभवातून शिकतो. पुढे गाव एकत्र येऊन तालीम बांधतं. उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो. परिकथा असती तर ती इथे संपली असती.

यानंतर दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं पोट भरायला देशोधडीला लागतात, वाडी ओस पडते. शाळेत मुलंच उरत नाहीत आणि मास्तरला तिथून निघावं लागतं. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. चांगुलपणा, कष्ट आणि एकी असूनही पाऊस पडत नाही, हे स्वीकारणं हा मोठं होण्यातला सगळ्यात अवघड धडा आहे. माणदेश पिढ्यान्‌पिढ्या तो शिकत आला आहे. मास्तर हरतो, पण कडवट होत नाही. त्याने स्वप्नाचा भार दुसऱ्यावर टाकलेला नसतो, म्हणून त्याच्या हरण्यालाही प्रतिष्ठा आहे. अमोल पालेकरांनी १९९५मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला, पण मूळ पुस्तकातली निगुतीने वेचलेली भाषा वाचायलाच हवी.

ययाती: वाढायला नकार देणारा राजपुत्र

वि. स. खांडेकर ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मले. सावंतवाडीजवळच्या शिरोड्याला त्यांनी १९२०पासून अठरा वर्षं शिक्षकी केली. मुलांना वाढताना रोज पाहणाऱ्या या लेखकाने १९५९मध्ये ‘ययाति’ लिहिली. तिला १९६०मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकरांचा गौरव झाला, आणि मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणारे ते पहिले लेखक ठरले.

ययाती हा खराखुरा राजपुत्र. त्याच्याजवळ राज्य आहे, रूप आहे, देवयानीसारखी पत्नी आहे, शर्मिष्ठेचं निरपेक्ष प्रेमही आहे. परिकथा जे जे देऊ शकते ते सगळं त्याला मिळालं आहे, आणि तरीही त्याची तहान भागत नाही. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आल्यावर तो मुलाकडे तारुण्य मागतो, आणि पुरू ते देतो. बापाने मुलाला वाढवायचं हा निसर्गाचा क्रम. इथे बाप मुलाचं आयुष्य वापरतो. महाभारतातली ही कथा खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली, त्यामुळे एकाच स्वप्नाचे तीन हिशेब वाचकापुढे येतात.

त्यांनी ययातीशेजारी दोन माणसं उभी केली. थोरला भाऊ यती देहाचा द्वेष करत रानात निघून जातो. कच प्रेम करतो, विरह सोसतो, पण कुणाला ओरबाडत नाही. भोगाच्या मागे धावणं आणि भोगाला भिऊन पळणं, या दोन्हींत माणूस अपुराच राहतो, असं खांडेकर म्हणतात. कचाचा संयम हीच त्यांच्या लेखी प्रौढता. कच फार निर्दोष आहे, तो स्वतःच एक परिकथा झाला आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला पटतो. पण ययातीची अतृप्ती ज्या धीराने रंगवली आहे, तिथे ही कादंबरी फार खरी आहे. दोनच वर्षांनी, १९६१मध्ये, गिरीश कर्नाडांचं कन्नड ‘ययाति’ नाटक प्रसिद्ध झालं, आणि त्यात त्यांनी पुरूच्या पत्नीला बोलायला लावलं. बापाच्या सुखासाठी नवरा एका रात्रीत म्हातारा झाला, त्याची किंमत तीही मोजते.

ज्यांच्या वाट्याला परिकथा आली नाही

आतापर्यंतच्या कथांत स्वप्न पाहण्याची सवड तरी होती. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शाळाही लाभली नाही. त्यांची ‘फकिरा’ १९५९चीच, म्हणजे ‘ययाति’च्या वर्षाची. फकिरा हा मांग समाजातला तरुण. गावाच्या मानासाठी जीव देणाऱ्या राणोजीचा तो मुलगा. दुष्काळात आपली माणसं अन्नावाचून मरताना पाहून तो धान्य आणि खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. शूर नायक, घोडा, तलवार, प्रतिज्ञा हे वीरकथेचे सगळे आदर्श अण्णा भाऊंनी उचलले आणि ज्यांना कथेत कधीच नायकपण मिळालं नव्हतं त्यांच्या हाती दिले. शेवटी आपल्या लोकांची सुटका व्हावी म्हणून फकिरा स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. ययाती मुलाकडून घेतो, फकिरा स्वतःला देतो. एकाच वर्षी एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन लेखकांच्या या कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८०मध्ये आलं, आणि १९८१मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी कुटुंब, गाढवांच्या पाठीवरचं बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या विणत गावोगाव भटकणं, आणि त्यातच एका मुलाचं शाळेत जाणं. पुढे हा तरुण मराठा समाजातल्या मुलीशी प्रेमविवाह करतो. गोष्टीत अशा लग्नाने शेवट गोड होतो. ‘उपरा’त लग्नानंतरच जातीची भिंत खरी कळते, आणि दोघं मिळून तिला सामोरी जातात. प्रेमाचा आदर्श इथे मोडत नाही, तो दोघांच्या कष्टावर उभा राहतो.

हे वाचायचं कुठून?

मुलांच्या हाती पुस्तकं देताना क्रम सांभाळला तर वाचन मनात रुजतं. आधी कहाण्या आणि परिकथा भरपूर ऐकू द्याव्यात, त्यात कंजुषी करू नये. सातवी-आठवीच्या सुमारास ‘बनगरवाडी’ द्यावी. तिची भाषा सोपी आहे आणि मास्तरचं वय मुलांना जवळचं वाटतं. दहावीनंतर ‘शारदा’ आणि ‘फकिरा’. ‘ययाति’ आणि ‘उपरा’ कॉलेजच्या वयात अधिक भिडतात, कारण तेव्हा स्वतःची निवड करायची वेळ आलेली असते.

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथल्या घरांत बालसाहित्यापासून कादंबरी आणि आत्मचरित्रापर्यंत प्रत्येक प्रकाराची वेगळी जागा आहे. पाचगणीला सहलीला जाणाऱ्या पालकांनी आणि शाळांनी एक दिवस तिथे द्यावा.

आणि घरी परतल्यावर मुलांशी बोलावं. पुस्तक आवडलं का, एवढ्यावर थांबू नये. यात स्वप्न कुणाचं होतं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारावं. भुजंगनाथ, मास्तर, ययाती, फकिरा या चौघांविषयी ज्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर देता येईल, ते मूल स्वतःची स्वप्नं पाहतानाही दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेणार नाही. आपल्या मुलांना हा प्रश्न द्या, आणि आधी तो स्वतःला विचारा.